वाट नसलेल्या टेकडीवर



जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, आंबे-हातवीजच्या पुढे, कोकणकड्याच्या काठी दुर्ग नावाची एक लहानशी टेकडी आहे. पायथ्याशी दुर्गादेवीचे ठाणे व तिची देवराई. चढ फार नाही. परंतु पावसाळ्यात तेथे वाट म्हणून काही उरत नाही. पालापाचोळा कुजलेला, खाली पाणी साचलेले, पाय घोट्यापर्यंत रुततो आणि धुक्यात पुढचे झाडही दिसत नाही. गुरांनी पाडलेल्या वाटा दिसतात, पण त्या फसव्या. गुरे चरायला जातात, माथ्यावर नव्हे!

तेथला जाणता गुराखी माथ्याकडे बघत बसत नाही. काठीने आधी जमीन चाचपतो, दगड किंवा झाडाचे मूळ लागले की मगच पाय टाकतो. स्तोत्रकर्त्याने देवाच्या वचनाला पावलांचा दिवा म्हटले आहे (स्तोत्र 119). त्या काळचा दिवा म्हणजे मातीची पणती; तिचा उजेड एका पावलापुरता. आपण मात्र देवाकडे बॅटरी मागतो. मुलाची नोकरी, मुलीचे लग्न, आजारपण, सगळे शेवटपर्यंत आधी दिसले पाहिजे. अब्राहाम निघाला तेव्हा आपण कोठे जातो हे त्याला ठाऊक नव्हते.

मग ज्यांच्या पायाखालची जमीनच गेली, त्यांचे काय? याच डोंगररांगेत दक्षिणेला, आंबेगाव तालुक्यात, 30 जुलै 2014 रोजी सकाळी पावसाने भिजलेला डोंगर माळीण गावावर आला. 151 माणसे गेली. ती काही वाट चुकलेली नव्हती, आपापल्या घरात होती. अशा वेळी कोणीतरी हमखास म्हणतो, 'देवाचा कोप.' शिलोहातील बुरूज पडून अठरा जण मेले, तेव्हाही लोकांच्या मनात हेच होते. ते इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, असे विचारून प्रभू येशूने स्वतःच 'नाही' म्हटले (लूक 13). आणि लगेच ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगितले. मेलेल्यांच्या पापांचा हिशेब त्याने कोणाच्याच हाती दिला नाही. ते 'का' मलाही उलगडत नाही, आणि उलगडल्याचा आव वेदीवरून कोणी आणू नये.

माळीणची खबर बाहेर कळली ती एका एसटी चालकामुळे. नेहमीच्या रस्त्याने येताना त्याला गाव जागेवर दिसले नाही. त्याने ते कळवले, म्हणून मदत निघाली. रोज त्या रस्त्याने जाताना तो गावाकडे बघत असे, एवढेच. आपल्या आळीतले कोणते घर दोन रविवार मिस्साला दिसले नाही, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

आपल्या धर्मग्रामातील तरुण या पावसाळ्यात त्या बाजूला जातील. घरी सांगून जा. गावातला माणूस सोबत घ्या, त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. पाऊस वाढला तर तो म्हणेल तेथूनच परत फिरा. आणि माळीणच्या बाजूने जाल तर गाडी थांबवून मृतांसाठी एक 'आमच्या बापा' म्हणा.