जागा माझी, डोह कुणाचा?

दत्तजयंतीला आपण अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा ऐकतो. यदुराजाने विचारले, "तुमचा गुरू कोण?" तेव्हा अवधूताने पृथ्वी, वारा, पाणी सांगितले, कबुतर, अजगर, भुंगा, हरीण, मासा, कोळी सांगितले. माणसे त्यात मोजकीच.

ही कथा मी वर्षानुवर्षे ऐकली, पण ती माझ्या दारात आली तीन पावसाळ्यांपूर्वी.

खालापूर तालुक्यातल्या आमच्या शेताच्या खालच्या अंगाला एक पाणथळ तुकडा आहे. भोवती उंबर, जांभूळ, करंज. मृगाच्या पहिल्या सरींत ओहोळातून वलगणीचे मासे अंडी घालायला तिथे चढतात. पिवळे बेडूक रात्रभर ओरडतात. एक गिऱ्हाईक म्हणालं, "काका, हा खड्डा बुजवून द्या, भाव दुप्पट." थोरला म्हणाला, "बाबा, नातवाचं शिक्षण निघेल. डबक्यात काय ठेवलंय?"

त्याचं चुकत नव्हतं. शिवाय वरच्या अंगाचा असाच तुकडा तरुणपणी मीच मुरूम टाकून बुजवला होता. पुढे विहीर लवकर आटू लागली. त्याचंच हे फळ, असं शपथेवर सांगणार नाही. पण पाणी मुरायची जागा मी मोडली, एवढं खरं.

कुणी म्हणेल, अवधूताने विरक्ती शिकायला सांगितली, बेडूक राखायला नाही. बरोबर. मासा तर जिभेच्या लोभाने गळाला लागतो, म्हणूनच तो गुरू. पण अवधूताने गळ टाकला नाही. तो पाहून शिकला. पाहायला गुरू समोर जिवंत हवा. आणि पृथ्वीकडून शिकताना त्याने झाडाचा धडा घेतला तो परोपकाराचा. गुरूकडून घ्यायचं आणि त्याचं घर बुजवायचं, ही कसली गुरुसेवा?

भीमाशंकरचं रान १९८५ साली अभयारण्य झालं. त्याचा काही भाग आपल्या कर्जतकडे उतरतो. माथेरान व भोवतालचा परिसर २००३ साली केंद्राने संवेदनशील म्हणून राखला. पण सरकारची हद्द संपते तिथे आपला सातबारा सुरू होतो. तिथले राखणदार आपणच. आपल्या वाडवडिलांनी देवराईतली वाळकी काटकीही घरी नेली नाही. त्यांना कुणी अधिसूचना काढली नव्हती.

शेवटी रस्त्याकडची पाच गुंठे विकली. पैसे कमी आले. थोरला महिनाभर नीट बोलला नाही. डोह राहिला.

औदुंबराला आपण प्रदक्षिणा घालतो. त्याच्या फळात चिलटाएवढा कीटक शिरतो, म्हणून त्यात बी धरतं. तो कीटक नसेल तर उंबराची पुढची पिढीच नाही. मग आपली प्रदक्षिणा त्या किटकालाही पोचत असणार. यंदा पादुकांवर डोकं ठेवाल तेव्हा आपल्या बांधाखाली कोणता गुरू राहतो, तेवढं एकदा आठवा.

श्रीगुरुदेव दत्त.