चुकलंमाकलं असेल तर

गणपतीपुळ्यात देवाला प्रदक्षिणा घालायची म्हणजे सारा डोंगर चालून यावे लागते. डोंगर हाच तिथला गणपती. आमचे घर जवळच्याच एका वाडीत. तेव्हा सुट्टीत आलेल्या नातवंडांना त्या वाटेने फिरवून आणायचे, हा माझा शिरस्ता. यंदा सोबत कॉलेजात शिकणारी थोरली नात होती. समुद्राच्या बाजूला आलो तशी ती एकदम म्हणाली, "आजोबा, इतका वेळ चालवून त्या माणसाने शेवटी कबूल काय केलं?"

आदल्या रात्री आम्ही घरात 'फ्रॉस्ट/निक्सन' पाहिला होता. पीटर मॉर्गनच्या नाटकावरून रॉन हॉवर्डने २००८ साली काढलेला हा चित्रपट. वॉटरगेटच्या प्रकरणात ९ ऑगस्ट १९७४ रोजी अमेरिकेचे अध्यक्षपद सोडावे लागलेला रिचर्ड निक्सन, आणि १९७७ साली त्याची दूरदर्शनवर मुलाखत घेणारा डेव्हिड फ्रॉस्ट. फ्रॉस्ट इंग्रज, हसतमुख, करमणुकीच्या कार्यक्रमांसाठी प्रसिद्ध. त्यामुळे निक्सनला तो सोपा वाटला असावा. जवळजवळ २९ तासांचे बोलणे ध्वनिचित्रित झाले. चित्रपटात मध्यरात्री निक्सन त्याला फोन करून मन मोकळे करतो. तो फोन नाटककाराने कल्पिलेला आहे. पण त्यामुळे काही बिघडत नाही. कॅमेरा त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर थांबतो तेव्हा आपणच अवघडून जातो.

नातीचा प्रश्न मात्र रास्त होता. निक्सन आधी 'चुका' झाल्या म्हणतो. फ्रॉस्ट म्हणतो, चुका हा शब्द पुरायचा नाही. मग निक्सन आपण मित्रांची, देशाची, जनतेची निराशा केली असे सांगतो, आणि ते ओझे जन्मभर वाहावे लागेल म्हणतो. गुन्हा केला, असे मात्र तो म्हणत नाही.

आपल्याकडे यासाठी एक फार सोयीचा शब्द आहे: दिलगिरी. फारसीतला शब्द, दिलगीर म्हणजे खिन्न. दिलगिरी व्यक्त करणारा स्वतःच्या मनाची अवस्था कळवतो. हाताने काय केले ते कळवत नाही. कुणाच्या भावना दुखावल्या 'असतील तर' दिलगीर आहोत, असे पुढारी म्हणतात तेव्हा दुखावल्याचे सिद्ध करण्याचे कामही आपल्याच गळ्यात पडते. मी पुढाऱ्यांना हसतो खरा, पण आमच्या कोकणातल्या गाऱ्हाण्यात तरी निराळे काय असते? देवापुढे गावातला जाणता उभा राहतो, चुकलंमाकलं असेल तर पदरात घे म्हणतो, आणि आम्ही सारे "व्हय महाराजा" म्हणून मोकळे होतो. काय चुकले ते कुणी सांगत नाही. देवाला ठाऊक असते, म्हणून तिथे हे चालत असावे. माणसांना ठाऊक नसते.

गंमत अशी, की खुद्द अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षानेही असेच गाऱ्हाणे घातले. ८ सप्टेंबर १९७४ रोजी जेराल्ड फोर्ड यांनी निक्सनला माफी दिली, ती त्याने केलेल्या अथवा 'केले असू शकतील' अशा साऱ्या गुन्ह्यांबद्दल. आरोपपत्र नाही, खटला नाही; क्षमा आधी आली आणि अपराध अनामिकच राहिला. तो खटला तीन वर्षांनी एका मुलाखतकाराने आपल्या परीने चालवला.

आपले जुने धर्मशास्त्र या बाबतीत अधिक कडक होते. महामहोपाध्याय पां. वा. काणे हे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्ताचा प्रपंच आहे. पापमोचनाचे उपाय सांगताना मनू 'ख्यापन' पहिले घेतो. ख्यापन म्हणजे केलेले कर्म तोंडाने उघड सांगणे. पश्चात्ताप त्याच्या नंतरचा, आणि दान तर शेवटी. फ्रॉस्टने निक्सनला ६ लाख डॉलर आणि नफ्यात वाटा देऊ केला होता. कबुलीबद्दल पापी माणसानेच दक्षिणा घ्यावी, हा प्रकार मनूला सुचला नसता.

नातीला मी हे सांगत होतो, आणि मनात आमच्या घरातला जुना वाद घोळत होता.

आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले १९८० च्या जूनमध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. कोकणचा माणूस. १ मे १९८१ ला आमच्या रत्नागिरीचे दोन भाग होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला, तो त्यांच्याच काळात. संजय गांधी निराधार अनुदान योजनाही त्यांचीच. आणि सिमेंटचे प्रकरणही. सिमेंटवर तेव्हा नियंत्रण होते. सिमेंटचे वाटप आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी जोडला, आणि १२ जानेवारी १९८२ ला अंतुल्यांनी राजीनामा दिला. पुढचा खटला वर्षानुवर्षे सर्वोच्च न्यायालयापर्यंत येरझाऱ्या घालत राहिला. शिक्षा कधी झाली नाही. मतदारांनी त्यांना लोकसभेवर पाठवले, ते केंद्रात मंत्रीही झाले, आणि २०१४ च्या डिसेंबरात वारले. त्यांना समोर बसवून २९ तास विचारणारा आपल्याकडे कुणी निघाला नाही.

माझे वडील शाळामास्तर. त्या सुमारास घराचे जोते घालून बसले होते आणि सिमेंटच्या परमिटासाठी खेपा घालत होते. चार पोत्यांसाठी चपला झिजल्या. ती टंचाई देशभर होती, एकट्या कुणाच्या माथी ती मारता येणार नाही. पण वर्तमानपत्र वाचताना वडिलांचा हात थरथरे. शेजारी एक निराधार विधवा होती. तिला त्या योजनेचे पैसे सुरू झाले होते. अंतुल्यांविरुद्ध शब्द निघाला की ती ओटीवरून उठून जाई.

एकदा वडील तिला म्हणाले, "मला त्यांचं वाईट व्हायला नको आहे. हे माझं चुकलं, एवढं एक वाक्य त्यांनी म्हणावं."

ती म्हणाली, "मास्तर, मला पैसे देताना तू काय पाप केलंस म्हणून विधवा झालीस, हे कुणी विचारलं नाही. मग मी कशाला विचारू?"

हे वाक्य मी चाळीस वर्षे घोळवतो आहे. तिच्या वाट्याचे तिने माफ केले. त्यात खोट काढता येत नाही. पण वडिलांच्या वाट्याचे ती कशी माफ करणार? ज्यांनी रांगेत उभे राहून सिमेंटची वाट पाहिली, त्यांच्या वतीने माफी कुणी द्यायची? निवडणुकीतले मत म्हणजे माफी, असे मला वाटत नाही. मत देणारा पुढच्या कामांकडे पाहत असतो. फोर्ड यांना तो अधिकार कायद्याने होता, फ्रॉस्टला तर कुणी दिलाही नव्हता. तरीही त्या पाहुण्या इंग्रजाने 'चुका पुरे नाहीत' म्हटले, तेव्हा माझ्या वडिलांची बाजू पहिल्यांदा कुणीतरी मांडली, असे मला त्या रात्री वाटले. दक्षिणा घेऊन दिलेली, अर्धीमुर्धी कबुली. पण 'असेल तर' हे दोन शब्द तरी तिच्यातून गळले होते.

"मग पणजोबा काय म्हणाले त्यांना?" नातीने विचारले.

काहीच म्हणाले नाहीत. ओटीवरच्या कोनाड्यातली तपकिरीची डबी त्यांनी उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली. पुढच्या वर्षी भिंत उभी राहिली, जांभ्या चिऱ्याची, चिखलात बांधलेली. ती अजून आहे. पावसाळ्यात पश्चिमेकडून तेवढी झिरपते.