मूठभर तांदूळ

मिझोरमच्या ख्रिस्ती घरांत भात टाकण्यापूर्वी घरची बाई मापलेल्या तांदळातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकते. १९१० सालापासूनची ही रीत. तिला ‘बुहफाई थाम’ म्हणतात. गावातल्या बायका हे तांदूळ गोळा करून चर्चला देतात, चर्च ते विकतं आणि त्या पैशाचा मिशनच्या कामाला हातभार लागतो.

अशाच मुठींच्या जोरावर एका डोंगरगावची मुलगी सहा महिन्यांसाठी आसामात, बराक खोऱ्यातल्या एका शाळेत शिकवायला गेली. दर महिन्याला तिचा अहवाल येई: मुलं गाणी शिकली, देवाची कृपा आहे. अहवालांची भाषा ठरलेलीच असते, मग ते चर्चचे असोत की सरकारचे. रात्र रात्र डोळा लागत नाही, दिवसभरात मिझो भाषेतला एक शब्द कानावर पडत नाही, प्रार्थनेला बसलं की नुसते ओठ हलतात, हे त्यात कुठे लिहायचं? शिवाय ज्या म्हाताऱ्यांनी आपल्या ताटातलं काढून तिला पाठवलं, त्यांना कोणत्या तोंडानं रडगाणं ऐकवायचं?

तिसरा अहवाल चर्चमध्ये वाचला गेला तेव्हा तांदूळ गोळा करणारी एक आजी पुटपुटली, “परमुलखात तीन महिने झाले, आणि पोरीला एक डास चावला नाही?”

आजी निघाली. सोबत साऊमची, म्हणजे डुकराच्या आंबवलेल्या चरबीची बाटली. बूच घट्ट बसवलं होतं, तरी सिलचर येईपर्यंत अख्ख्या सुमोला तिचा पत्ता लागला होता.

मुलगी भेटल्या भेटल्या शाळेचं सांगू लागली. आजीनं चूल पेटवली. मुलीनं सवयीनं मूठभर तांदूळ बाजूला काढले. आजीनं ते उचलून पातेल्यात टाकले. “आजची मूठ तुझी.”

पहिल्या घासालाच मुलीला हुंदका फुटला. “आजी, मला प्रार्थनाच जमेना झालीय.”

“आपल्याकडे सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करतात ना? त्यात एक-दोघींचा घसा बसलेलाच असतो. बाकीच्यांच्या आवाजात निभून जातं. तू जेव.”

उपदेश म्हणायचा तर एवढाच. आजी चार दिवस राहिली, बराचसा वेळ मिझोत गावच्या कुचाळक्या सांगत. परतल्यावर तिनं चर्चच्या वडीलधाऱ्यांना बजावलं: दर रविवारी कुणीतरी पोरीला फोन करायचा, आणि शाळेचं चकार शब्दानं विचारायचं नाही.