फिर्याद नसलेली इजा

एखाद्या कृत्याने इजा होते, पण ती नेमकी कुणाला झाली हे कधीच कळणार नसते. अशा इजेची जबाबदारी कुणी घ्यायची? नीतिशास्त्राच्या पुस्तकांत हा प्रश्न काल्पनिक उदाहरणांनी सोडवतात. हृदयरोगाच्या रुग्णालयात तो लहान मुलांच्या बाबतीत खरोखरच उभा राहतो.

काही मुलांच्या हृदयात विद्युत्प्रवाहाची एक जादा वाट जन्मतःच असते. एरवी मूल ठणठणीत. पण मध्येच ठोके मिनिटाला दोनशेच्या घरात जातात आणि ते पांढरेफटक पडते. (शाळेत अशा मुलाला बरेचदा ‘घाबरट’ म्हणून मोकळे होतात.) यातल्या एका प्रकाराचे वर्णन वुल्फ, पार्किन्सन व व्हाइट यांनी १९३० साली केले. १९६८ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात छाती उघडून ही वाट तोडण्यात आली. आता मांडीच्या शिरेतून बारीक कॅथेटर हृदयापर्यंत नेतात आणि रेडिओलहरींच्या उष्णतेने तेवढाच ठिपका जाळतात. बहुतेक मुले कायमची बरी होतात. तेव्हा उपचाराबद्दल तक्रार नाहीच.

पण कॅथेटर कुठे पोचला हे पाहायचे कशाने? वर्षानुवर्षे त्याचे उत्तर होते क्ष-किरण. डॉक्टरांच्या पायाशी एक पेडल असते. ते दाबले की पडद्यावर हलते चित्र उमटते, सोडले की थांबते. जितका वेळ पाय पेडलवर, तितका वेळ मुलाच्या छातीतून किरण आरपार. लहान देहात सगळे अवयव दाटीने असतात. एकाकडे रोखलेला झोत दुसऱ्याला सहज लागतो. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांची पाहणी कित्येक दशके चालू आहे. तो प्रसंग अर्थातच फार निराळा. पण बालपणी किरण लागलेल्यांना पुढे कर्करोगाचा धोका मोठेपणी लागलेल्यांहून अधिक, हे तिथून कळले. एका मुलापुरता हा धोका अगदी लहान असतो. परंतु आठव्या वर्षी उपचार झालेल्या मुलाला पंचेचाळिसाव्या वर्षी गाठ झाली, तर त्या गाठीवर कुणाची सही नसते. रोगी फिर्याद करणार नाही, कारण त्यालाही ठाऊक नसते. आम्हा मास्तर मंडळींना हा प्रकार परका नाही; वर्गात सहज फेकलेला शब्द तिशीत काय करतो, ते कोण मोजते?

आता दुसरी बाजू पाहा. डॉक्टर आणि परिचारिका शिशाचा एप्रन घालतात, मात्रा मोजणारा बिल्ला लावतात. आपल्याकडे त्यांच्यासाठी कायदेशीर मर्यादा आहे : पाच वर्षांत मिळून १०० मिलिसीव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. टेबलावरच्या मुलाला मात्र अशी मर्यादा नाही. यामागचे तर्कशास्त्र चोख आहे. किरणांचा फायदा मुलालाच व्हायचा असतो. आकडा भरला म्हणून अर्ध्यावर हात काढून घेणे क्रूरपणाचे होईल. मर्यादेऐवजी तिथे एक तत्त्व ठेवले आहे. आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७७ मध्ये ते मांडले : आर्थिक व सामाजिक बाबी ध्यानात घेऊन, वाजवी प्रयत्नाने साधेल तितकी मात्रा कमी ठेवावी.

सगळा भार त्या ‘वाजवी’ शब्दावर येतो. आणि वाजवी काय ते ठरवतो पेडलवर पाय असलेला माणूस. त्याची घाई, त्याची सवय, बाहेर थांबलेला पुढचा रुग्ण यांच्यासकट. मूल झोपेत आहे, आईबापांना विचारायचे काय हेच उमगलेले नाही.

काही उपाय जवळजवळ फुकटचे आहेत. सेकंदाला चित्रे कमी घ्यावीत, झोताची खिडकी लहान करावी, शेवटचे चित्र पडद्यावर गोठवून त्यावरच विचार करावा. काही उपाय खर्चिक. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने कॅथेटरची जागा संगणकावर दाखवणारी यंत्रे आली. २००२ मध्ये रोममधील बालहृदयतज्ज्ञांनी, हृदयाच्या उजव्या बाजूच्या जादा वाटा मुलांमध्ये क्ष-किरणांशिवाय जाळता येतात, असा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे अनेक ठिकाणी हा आकडा शून्यावर किंवा शून्याजवळ आला.

इथेही जपून राहायला हवे. शून्याचाही अभिमान चढतो. अडचणीच्या जागी क्षणभर किरण वापरले तर हृदयाला भोक पडण्याचा संभव टळत असेल, तर ते न वापरणे मुलाच्या हिताचे की डॉक्टरांच्या नोंदवहीच्या? आणि महागडे यंत्र एका शहरात ‘वाजवी’ व दुसऱ्यात चैनीचे ठरत असेल, तर दोन्हीकडच्या मुलांच्या पेशी सारख्याच नाजूक आहेत, हे त्या शब्दाला कोण सांगणार?

घरी जाताना आईबापांच्या हाती कार्ड मिळते. त्यावर औषधे असतात, जखमेची काळजी असते, पुढची तारीख असते. मुलाला किती मात्रा मिळाली तो आकडा आजची यंत्रे काम संपताच दाखवतात. तो त्या कार्डावर उतरवायला अर्धी ओळ पुरेल.