महाद्वार उघडले, मनाचे काय?



आमच्या पंढरपुरात विठ्ठल मंदिराच्या महाद्वारी नामदेवाची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखामेळा गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी येथे आणल्या, असे परंपरा सांगते. जिवंतपणी ज्यांना आत घेतले नाही, त्यांना मरणानंतरही बाहेरचीच जागा मिळाली. १९४८ साली बाबासाहेबांनी आपला ‘दि अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला.

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी येथे उपोषण केले आणि मंदिर अस्पृश्यांना खुले झाले. माझी आजी तेव्हा लहान मुलगी होती. पुढे ती म्हातारी झाली, तरी त्या दारातून कधी आत गेली नाही. चोखोबांना हात जोडायची, पदर सावरायची, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट द्यायची आणि परत फिरायची. मी एकदा विचारले, “आजी, आत का जात नाहीस?” ती म्हणाली, “आपली जागा हितंच हाय, बाळा.” तिला कोणी अडवले नव्हते. कायद्याने दार उघडले होते. मनातला पहारेकरी मात्र जागचा हलला नव्हता.

हा पहारेकरी कोण बसवतो? मी शिक्षक आहे. न सांगता शेवटच्या बाकावर जाऊन बसणारी मुले मी पाहतो. आपण कोण आणि कुठे बसायचे, हे मूल अक्षरे शिकण्यापूर्वीच शिकते. अमेरिकेत १९४० च्या सुमारास केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. पुष्कळ मुलांनी गोरी बाहुली चांगली, काळी वाईट, असे सांगितले. बाहेरचा तिरस्कार त्या कोवळ्या जिवांनी आपलाच मानला होता.

म्हणून नवदीक्षित घरातल्या एखाद्या माउलीचे पाय आषाढीला वाळवंटाकडे ओढले, तर तिला ढोंगी म्हणू नका. तिला देवापेक्षा माणसांची ओढ असते: सोबतीच्या बाया, टाळांचा नाद, एका पंगतीचा घास. माणूस एकटा राहू शकत नाही. जुने सोडा म्हणणाऱ्याने तिला नवी सोबत दिली पाहिजे. भगवान बुद्धांनी धम्माबरोबर संघही दिला, त्याचे कारण मला येथे दिसते. पौर्णिमेला विहारात तिची वाट पाहणारे कोणी नसेल, तर दोष तिचा नाही, आपला आहे.

आता एक कडू प्रश्न. जुन्या व्यवस्थेने आपल्याला वरच्यापुढे वाकायला शिकवले, तसेच खालच्याला दूर ठेवायलाही शिकवले. मातंग शेजाऱ्याच्या घरी आपण पाणी पितो का? मुलीच्या लग्नाची बोलणी करताना पोटजात विचारतो का? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. ती फक्त आपल्यावरच्यांसाठी नाही. ती पाळली नाही तर बौद्ध ही आणखी एक जात होईल आणि आपणच नवे महाद्वार बांधून त्यावर पहारेकरी नेमू.

संस्कार माणसाला घडवतात हे खरे. पण संस्कारही माणसांनीच घडवलेले असतात, म्हणून ते बदलता येतात. आजीचे वय सरले होते. आपल्या मुलांचे वय अजून हातात आहे. त्यांना पहिल्या बाकावर बसवा आणि शेजारी कोण बसतो, हे विचारू नका.

जय भीम!