लांब टाक्यांची वाकळ

आजारी माणसासाठी वाकळ शिवायला बसलेल्या बाईने टाके बारीक घालू नयेत, असे माझे मत आहे. डोणगावातल्या शिवणाऱ्या बायकांपुढे हे बोललो तर त्या माझी कीवच करतील. त्यांच्या लेखी बारीक, सरळ धावदोरा ही वाकळीची अब्रू. वर-खाली जुनी लुगडी, मध्ये धोतरा-सदऱ्यांचे थर, आणि कडेपासून आत आत वळत जाणारी टाक्यांची रांग. शेतातली कामे सांभाळून एक वाकळ पुरी होईतो उन्हाळा सरतो.

माझ्या आईने मावशीसाठी अशीच एक शिवायला घेतली होती. निम्मी झाली आणि मावशी गेली. ती अर्धी वाकळ अजून पेटीत आहे. कुणी पुरी करत नाही, कुणी उसवतही नाही. आईचा जीव त्या टाक्यांत होता हे मला मान्य आहे. पण मावशीच्या अंगावर त्यातले काहीच पडले नाही.

बाळाची दुपटी निवांत शिवता येतात, कारण हाताशी नऊ महिने असतात. दवाखाना मात्र परवाची तारीख देतो. डायलिसिसला माणूस चार-चार तास पडून राहतो, तेही आठवड्यातून दोन-तीनदा. रक्त नळ्यांतून अंगाबाहेर फिरताना गार होते आणि भर मे महिन्यातही हुडहुडी भरते. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदकडच्या किडनीच्या दुखण्याने गाठलेल्या कित्येक घरांना हे वेगळे सांगावे लागत नाही. केमोने खंगलेल्या माणसाला पाच थरांची वाकळ छातीवर धोंड ठेवल्यासारखी वाटते. शिवाय केमोत रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, जंतू चटकन धरतात. म्हणजे पांघरूण वरचेवर गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवायला हवे. जाड वाकळ एका दिवसात वाळत नाही. तेव्हा धुऊन धुऊन मऊ झालेली दोन सुती लुगडी, टोचणारा जरीचा काठ काढून टाकलेला, मध्ये फार तर एक थर, आणि चौघींनी चार कडांना बसून दोन दुपारींत घातलेले बोटभर टाके. घाईत केलेली म्हणून ही वाकळ कमअस्सल ठरत नाही. दुखण्याला हीच सोसते.

हल्ली गाडीवर शिलाई मशीन घेऊन गोधड्या शिवणारे दारोदार येतात. त्यांच्याकडून शिवून घेतली तरी माझी हरकत नाही. (आईला हे मुळीच पटले नसते.) लुगडे कुणाचे, एवढे मात्र बघावे.

अमेरिकेत एड्सने गेलेल्यांच्या नावांची एक अवाढव्य गोधडी आहे. ऑक्टोबर 1987 मध्ये ती वॉशिंग्टनच्या मैदानावर पहिल्यांदा अंथरली, तेव्हा तिच्यात 1,920 तुकडे होते, प्रत्येक तीन फूट बाय सहा फूट, थडग्याच्या मापाचा. मोठेच काम ते. पण ती स्मरणाची गोधडी. तिच्यातल्या नावांना थंडी वाजत नव्हती.

मला जवळचे वाटतात ते आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा. अंगावरच्या चिंध्यांमुळे लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेले कॅन्सरचे रुग्ण नातेवाइकांसह तिथे उतरतात. इतक्या लांब न्यायची वाकळ पिशवीत मावली पाहिजे, हाही एक हिशेब आहेच.

एक अडचण बायका हळू आवाजात सांगतात. माणूस गेले की त्याचे अंथरूण-पांघरूण टाकून द्यायची आपल्याकडे रीत आहे. मग चांगले लुगडे त्यात का घालावे? मला वाटते, घालावेच. पेटीत राखलेले लुगडेही शेवटी कसरच खाते.

मागच्या हिवाळ्यात शेजारच्या ओसरीवर चौघी अशाच शिवत बसल्या होत्या. नागपूरला न्यायची पिशवी दाराशी भरून ठेवलेली. एकीची ओळ वाकडी गेली, म्हणून तिने दोरा ओढून उसवायला घेतला. आतून, खाटेवरून, जिच्यासाठी सारे चालले होते तिचाच आवाज आला, "उसवू नको माय, सकायी गाडी हाये."