जनुकाच्या माथी रात्रपाळी

मस्कतच्या रुवी भागात राहणाऱ्या एका ओळखीच्या तरुणाने थुंकीचा नमुना पाठवून आपला जनुकीय अहवाल मागवला. क्लॉक या जनुकाचं अमुक रूप तुमच्यात आहे, म्हणून तुम्ही जन्मतः रात्री जागणारे, असा त्यातला निष्कर्ष. त्याच्या वरिष्ठांनी तो वाचला आणि ‘तुला तर रात्र मानवते’ म्हणत रात्रपाळ्या त्याच्याच नावावर लावल्या. मला याचा मनापासून राग आला. माणसाला कधी राबवायचं हा माणसांनी घ्यायचा निर्णय आहे. तो एका जनुकाच्या माथी मारणं म्हणजे त्या जनुकाचा इतिहास अर्ध्यावर वाचणं.

देहातलं घड्याळ जनुकांवर चालतं, हे बेंझर आणि कोनोप्का यांनी 1971 मध्ये फळमाश्यांवरून दाखवलं, आणि याच विषयाला 2017 चं नोबेल मिळालं. सस्तन प्राण्यांचं मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दृष्टिचेतांच्या फुलीच्या अगदी वर आहे, हे 1972 मध्ये उंदरांवरून कळलं. सस्तन प्राण्यांतलं त्याचं जनुक मात्र हाती लागत नव्हतं. 1994 मध्ये जोसेफ ताकाहाशी आणि मार्था विटाटेर्ना यांच्या गटाने रसायनाने उत्परिवर्तनं घडवलेल्या नरांच्या सुमारे 300 पिल्लांना अंधारात चाकावर धावायला सोडलं. साध्या उंदराचा दिवस 23.7 तासांचा, एकाचा निघाला 24.8 तासांचा. त्याच्या वंशातल्या, बिघडलेल्या दोन्ही प्रती असलेल्या उंदरांचा दिवस आधी 27-28 तासांपर्यंत लांबला, मग अखंड अंधारात ताल पार विस्कटला. 1997 मध्ये जनुक ओळखलं गेलं. क्लॉक हे नाव 1994 मध्येच पडलं होतं. ‘झोपेचं जनुक सापडलं’ ही समजूत तिथून रुजली.

एक गोष्ट तेव्हाच नजरेआड झाली. हे उंदीर उजेड-अंधाराचं नेहमीचं चक्र मिळालं की त्याच्याशी जुळवून घेत. घडी विस्कटायची ती बाहेरचा सगळा आधार काढून घेतल्यावर.

खरं वळण 2006 चं, आणि तेच बहुतेक जण चुकीचं वाचतात. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात स्टीव्हन रेपर्ट यांच्या प्रयोगशाळेने क्लॉक जनुक मुळापासून काढून टाकलेले उंदीर तयार केले. ते कोलमडतील अशी अपेक्षा होती. पण अंधारातही ते जवळजवळ ठरल्या वेळीच धावत राहिले. कोणी म्हणालं, मग हे जनुक बिनमहत्त्वाचं. कोणी हा निकालच विसरून गेलं. दोन्ही चूक. 1994 च्या उंदरांत क्लॉकचं प्रथिन होतं, पण त्याचा एक भाग गळालेला. ते जोडीदार बीमॅल1 बरोबर डीएनएवर जाऊन बसे, पुढचं काम मात्र सुरू करू शकत नसे. बंद पडलेली बस घाटात आडवी राहावी तसं ते वाट अडवून बसलं होतं. प्रथिनच नाही म्हटल्यावर वाट मोकळी झाली आणि एनपास2 हे भावंड पुढे आलं. 2007 मध्ये क्लॉक आणि एनपास2 दोन्ही काढल्यावर मात्र ताल गेला. बीमॅल1 एकटं काढलं तरी तो जातो, हे 2000 मध्येच दिसलं होतं.

म्हणजे एखादा भाग बिघडल्यावर जे घडतं, त्यावरून त्याचं एरवीचं काम ठरवता येत नाही. अहवाल लिहिणारे नेमकं तेच करतात. क्लॉकमधल्या एका अक्षराच्या बदलाचा रात्री उशिरा जागण्याशी संबंध 1998 मध्ये मांडला गेला. पुढे अनेक गटांना तो आढळला नाही. जनुकांचा हात कुठेच नसतो, असं मी म्हणत नाही. संध्याकाळी साडेसातला झोपणारी आणि पहाटे साडेचारला उठणारी कुटुंबं आहेत, आणि अशा एका कुटुंबात पर2 या घड्याळाच्याच दुसऱ्या जनुकातला दोष 2001 मध्ये सापडला. पण ती विरळा कुटुंबं.

जनुकं तीच राहूनही जागण्याची वेळ बदलू शकते. ओमानमध्ये राहून मला याचं उदाहरण म्हणून अरबी ओरिक्स हा वाळवंटी प्राणी आठवतो. सौदी अरेबियातल्या ओरिक्सवर यंत्रं बसवून पाहिलं, तेव्हा तेच प्राणी हिवाळ्यात दिवसा आणि कडक उन्हाळ्यात रात्री चरताना दिसले. जनुकं तीच, बदललं ते ऊन. त्याहून बोलकी गोष्ट मेंदूतली आहे: उंदरासारखा निशाचर घ्या किंवा दिवसा वावरणारा एखादा कृंतक, मुख्य घड्याळातल्या पर जनुकांची भरती दोघांत दिवसाच येते. घड्याळ वेळ सांगतं. त्या वेळी जागायचं की झोपायचं, हे पुढच्या जोडण्यांवर ठरतं.

देहात घड्याळंही एकाहून अधिक असतात, आणि रात्रपाळीचा त्रास मला इथेच दिसतो. 2000 मध्ये उंदरांना फक्त दिवसा खाऊ घातलं, तेव्हा आठवड्याभरात यकृताचं घड्याळ उलटं फिरलं. मेंदूचं मात्र उजेडाला धरून राहिलं. रात्री तीनला डबा उघडणाऱ्या आणि सकाळी लख्ख उन्हात बसने खोलीवर परतणाऱ्या कामगाराच्या देहातही अशीच ओढाताण चालत असणार. ‘तुझं जनुक रात्रीचं’ म्हटल्याने ती मिटत नाही.

ओमानमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी 12:30 ते 3:30 उघड्यावरचं काम बंद ठेवावं लागतं. ऊन कोणाच्या जनुकाला सोसतं, हे तिथे कोणी तपासत नाही. नियम सगळ्यांना सारखा. रात्रपाळीलाही तसाच हवा: सलग किती रात्री, मधे किती विश्रांती, दिवसा झोपायला काळोखी, गार खोली, आणि जेवणाची वेळ. हे सगळं पाळ्या लावणाऱ्याच्या हातात आहे, आणि त्याला कोणाच्या थुंकीचा नमुना लागत नाही.